दोन तऱ्हेचें सौजन्य

श्रोतेहो, आजच्या विषयाचा आरंभ एका काल्पनिक, पण असंख्य वेळां घडून गेलेल्या प्रसंगानें करतों. लंडनमधील एका मध्यमवर्गीय घरीं एक पोलिश गृहस्थ चहाला आले आहेत. पहिला पेला संपतो. घरच्या बाई किटली हातांत घेऊन विचारतात, "आणखी थोडा?" गृहस्थ अदबीनें म्हणतात, "थँक यू." बाई पेला भरतात. गृहस्थ किंचित् गोंधळतात. परंतु भरलेला पेला तसाच ठेवणें बरें दिसणार नाहीं म्हणून तो निमूटपणें पिऊन टाकतात. पुन्हां किटली येते, पुन्हां "थँक यू" होतें आणि पुन्हां पेला भरतो. परततांना गृहस्थ मनाशीं म्हणतात, इंग्रजांच्या घरीं पाहुण्याचें 'नको' कोणी ऐकतच नाहीं. आणि इकडे बाई आपल्या पतीला म्हणतात, या पोल लोकांना चहा किती आवडतो!

घोटाळ्याचें मूळ एका शब्दांत आहे. पोलिश भाषेंत आभार मानण्याचा शब्द 'जेंकुये' असा आहे. कोणी कांहीं देऊं केलें असतां नुसतें 'जेंकुये' म्हटलें, तर त्याचा अर्थ सामान्यतः 'आभारी आहें, पण नको' असा होतो. हवें असेल तर 'प्रोशे' म्हणावें. आणि हा 'प्रोशे' तरी किती कामाचा! 'कृपया' म्हणजे प्रोशे, 'हें घ्या' म्हणजे प्रोशे, 'आंत या' म्हणजे प्रोशे, आणि आभारांना उत्तर म्हणूनही प्रोशेच. याहून मौज अशी कीं, पोलिश बोलण्यांत 'नो' हा उद्गार 'हो', 'बरें', 'हं' अशा अर्थानें येतो. इंग्रजाच्या कानाला जो स्पष्ट नकार, तो पोल माणसाच्या तोंडचा होकार!

हें ऐकून हंसूं येतें. परंतु अशाच बारीकसारीक घोटाळ्यांतून एक समाज दुसऱ्या समाजाच्या स्वभावाविषयीं मत बनवीत असतो, आणि एकदां बनलेलें मत लवकर पुसलें जात नाहीं. इंग्रज म्हणतो, पोल माणूस हुकूम सोडल्यासारखा बोलतो. पोल म्हणतो, इंग्रज गोड बोलतो, पण मनांतलें बोलत नाहीं. दोघेही जें ऐकतात तें बरोबरच ऐकतात. अर्थ मात्र आपापल्या घरचा लावतात. हे घरचे अर्थ कोठून आले, हें आज इतिहासाच्या आधारानें थोडें पाहूं.

पोल आणि इंग्रज यांची तुरळक गांठभेट जुनीच आहे. पण दोन्ही समाज मोठ्या संख्येनें एका छपराखालीं आले ते १९३९ नंतर. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला, आणि पराभूत सैन्यांतील हजारों माणसें रुमानिया, हंगेरी, फ्रान्स असे वळसे घेत अखेर इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलीं. ऑगस्ट १९४० मध्यें नॉर्थोल्टच्या विमानतळावर ३०३ क्रमांकाचें पोलिश लढाऊ विमानपथक सज्ज होऊं लागलें. वैमानिक कसलेले होते. अडचण होती ती सवयींची. किलोमीटरांत विचार करणाऱ्यांना मैल शिकावे लागले, लिटर सोडून गॅलन धरावे लागले. यंत्राचा जोर वाढविण्याचा जो दांडा ते मागें ओढीत आले होते, तो इंग्रजी विमानांत पुढें ढकलावा लागे. या सर्वांवर कळस म्हणजे बिनतारी यंत्रावरून येणारे इंग्रजी हुकूम. तरीही ३० ऑगस्टला सरावाच्या उड्डाणावर असतांनाच या पथकाच्या लुडविक पाश्किएविच यांनीं एक जर्मन विमान पाडलें, आणि दुसऱ्याच दिवशीं पथक प्रत्यक्ष युद्धांत उतरलें. ब्रिटनच्या त्या हवाई लढाईंत १४५ पोलिश वैमानिक लढले.

शौर्याला दुभाषा लागत नाहीं, शेजाराला लागतो. युद्ध संपलें, पोलंडमध्यें सोव्हिएत वर्चस्वाखालील राजवट आली, आणि यांतील बहुतेकांना परतण्यासारखें घर उरलें नाहीं. जून १९४६ मध्यें लंडनला विजयाचें भव्य संचलन झालें. त्यांत इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून लढलेलें हें पोलिश सैन्य चाललें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९४७ सालीं, ब्रिटिश पार्लमेंटनें पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि १९५१ च्या शिरगणतींत पोलंडमध्यें जन्मलेलीं १,६२,३३९ माणसें ब्रिटनमध्यें आढळलीं. खाणींत, गिरण्यांत, भाड्याच्या खोल्यांत आणि बसच्या रांगेंत खरी ओळख आतां सुरू झाली.

या ओळखींतला पहिला अडसर म्हणजे समोरच्या माणसाला संबोधावें कसें, हा होय. पोलिश भाषेंत परक्या पुरुषाला 'पान' म्हणतात आणि स्त्रीला 'पानी'. आपल्या कानाला हे शब्द विड्याची आणि तहानेची आठवण करून देतात. पण 'पान' याचा मूळ अर्थ धनी किंवा स्वामी असा आहे. शिवाय त्याबरोबर येणारें क्रियापद तृतीय पुरुषीं असतें. 'तुम्ही चहा घेणार का?' असें न विचारतां 'पान चहा घेतील का?' असें समोर बसलेल्यालाच विचारावयाचें. 'रावसाहेबांनीं बसावें', 'महाराज केव्हां आले?' असें ज्याला त्याला उद्देशून बोलण्याची जी दरबारी रीत आपल्याकडे होती, तीच ही. जिवलगांसाठीं मात्र 'तूं' आहे. आणि 'पान' सोडून 'तूं' वर येणें हा पूर्वीं एक लहानसा समारंभच असे. दोघांनीं पेले भरावे, हातांत हात गुंफून ते रिकामे करावे, आणि मग एकमेकांस नुसत्या नांवानें हांक मारावी.

या शब्दामागें पोलंडचा सामाजिक इतिहास उभा आहे. जुन्या पोलिश राज्यांत उमराव वर्ग विलक्षण मोठा होता; लोकसंख्येच्या शेंकडा ८ ते १० असा त्याचा अंदाज सामान्यतः केला जातो. एखाद्याजवळ पन्नास गांवें असोत कीं एकच शेत असो, कायद्यानें हे सारे उमराव समान. ते एकमेकांस 'पान ब्रात', म्हणजे 'धनीबंधू', असें संबोधीत. नांगर धरणाऱ्या कुळाला अर्थातच हा मान नव्हता. एकोणिसाव्या शतकांत भूदास्य नष्ट झालें, शहरें वाढलीं, आणि उमरावांचा 'पान' हळूहळू शिक्षकाचा, दुकानदाराचा, कामगाराचाही झाला. १९४५ नंतरच्या साम्यवादी राजवटीला हा सरंजामी शब्द खुपूं लागला. त्याऐवजीं साधें 'तुम्ही' रूढ करण्याचा प्रयत्न झाला. परंतु पक्षाच्या व सरकारी वर्तुळांबाहेर तें कांहीं रुजलें नाहीं. लोकांनीं 'पान' सोडला नाहीं, कारण एव्हांना तो वरिष्ठाच्या मोठेपणाचा शब्द राहिला नसून प्रत्येकाच्या प्रतिष्ठेचा शब्द झाला होता.

इंग्रजीचा प्रवास नेमका दुसऱ्या वाटेनें झाला. इंग्रजींतही एके काळीं 'तूं' होतें. पुढें आदरार्थी बहुवचनाची रीत फ्रेंचांकडून आली आणि 'यू' हें बहुवचन मोठ्यांसाठीं वापरूं लागले. मग मध्यम स्थितीच्या माणसांनाही तोच मान हवासा वाटला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण बोलण्यांतून 'तूं' जवळजवळ नाहींसें झालें. क्वेकर पंथाच्या लोकांनीं तेवढें तें धर्मश्रद्धेनें जपलें. इंग्रज सर्वांना एकेरी संबोधतो अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वस्तुतः इंग्रज सर्वांना 'तुम्ही'च म्हणतो. त्याच्या भाषेंतून आदर गेला नाहीं, सलगी गेली.

परंतु जो मान सर्वांनाच मिळतो त्यानें कोणाचाच विशेष मान राहत नाहीं. सर्वनामांतून आदर दाखवितां येईना, तेव्हां इंग्रजांनीं तो वाक्यांच्या रचनेंतून दाखविण्यास आरंभ केला. 'खिडकी लावा' असें न म्हणतां 'आपण खिडकी लावूं शकाल काय?' किंवा 'आपली हरकत नसेल तर' अशी प्रस्तावना करावयाची. आज्ञेला प्रश्नाचा अंगरखा चढवावयाचा, म्हणजे समोरच्याला नाहीं म्हणण्यास वाव राहतो. पोलिश माणसाला या अंगरख्याची गरज वाटत नाहीं. त्यानें 'पान' म्हणून आदर आधींच दिलेला असतो. मग 'प्रोशे' म्हणून सरळ आज्ञार्थी क्रियापद योजण्यांत त्याला उणें वाटत नाहीं. हाच माणूस इंग्रजी बोलूं लागला म्हणजे 'पान' मागें राहतो, कारण इंग्रजींत त्याला जागा नाहीं. उरतें तें नुसतें आज्ञार्थी क्रियापद. ऐकणाऱ्याला वाटतें, काय हा उद्धटपणा!

वॉर्सा येथें जन्मलेल्या व १९७२ सालीं ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ आन्ना व्ह्येश्बित्स्का यांनीं १९८५ मध्यें एका प्रसिद्ध निबंधांत हाच मुद्दा मांडला. प्रश्नार्थक, आडवळणाचें बोलणें हीच जगांतील एकमेव सभ्यता, असें इंग्रजी बोलणाऱ्या पंडितांनीं गृहीत धरलें होतें. व्ह्येश्बित्स्का यांनीं दाखविलें कीं, ही केवळ एका समाजाची सभ्यता आहे. दुसऱ्या माणसाभोंवतीं एक अदृश्य कुंपण असतें आणि तें ओलांडूं नये, ही इंग्रजी सौजन्याची कल्पना. दुसऱ्याला जवळ ओढावें, त्याच्यासाठीं मन मोकळें करावें, ही पोलिश सौजन्याची. पाहुण्याला 'बसा, बसा, घ्या, आणखी घ्या' असा आग्रह करणारा पोलिश यजमान हुकूम सोडीत नसतो. पाहुणा संकोचानें नाहीं म्हणत आहे हें जाणून तो त्याचा संकोच दूर करीत असतो.

मराठी घरांत वाढलेल्या माणसाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. 'एवढी पोळी घ्याच', 'जेवल्याशिवाय जायचें नाहीं' असें आपण म्हणतों, त्यांतील आज्ञा ही मायेचीच असते. आपली स्थिती खरोखर मोठी मौजेची आहे. घरांत, पंगतींत, अंगणांत आपण पोल लोकांसारखे बोलतों; कचेरींत आणि पत्रव्यवहारांत मात्र इंग्रजांची सभ्यता शिकलों. मराठींत उठतां बसतां आभार मानण्याची चाल नाहीं, म्हणून आपल्यालाही परक्यांनीं कधीं रूक्ष ठरविलें असेल. त्यामुळें या दोघांच्या तंट्यांत न्यायाधीश होण्यापेक्षां दुभाषा होण्यास आपण अधिक योग्य आहों.

दुसरा प्रश्न कुशलाचा. इंग्रज भेटल्याबरोबर 'कसे आहांत?' असें विचारतो आणि 'उत्तम, आपण?' हें उत्तर ऐकून पुढें जातो. नवागत पोल माणसाला हा खराच प्रश्न वाटतो. तो थांबून पाठदुखी, घरमालक आणि जगाची अधोगति यांचा वृत्तांत सांगूं लागतो. प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहणें ही त्याला शुद्ध लबाडी वाटते. गंमत अशी कीं, या निरर्थक वाटणाऱ्या बोलण्याचें मर्म जगाला उलगडून दाखविलें तें एका पोल माणसानेंच. ब्रोनिस्लाव मालिनोव्ह्स्की हे १८८४ सालीं क्राकूव्ह येथें जन्मले, १९१० मध्यें लंडनला शिकावयास आले आणि पुढें मानववंशशास्त्राचे थोर अध्यापक झाले. १९२३ सालीं त्यांनीं लिहिलें कीं, हवापाण्याच्या व कुशलाच्या गोष्टी माहिती देण्यासाठीं नसतातच. माणसामाणसांतील अबोल्याची भीति दूर करून सोबतीचा धागा जोडण्यासाठीं त्या असतात. उपऱ्याच्या कानाला जें ऐकूं येतें, तें कित्येकदां घरच्या माणसाच्या कानाला येत नाहीं.

आतां चहाकडे परत वळूं. पोलिश भाषेंत चहाला 'हेर्बाता' म्हणतात. वनस्पतीच्या लॅटिन नांवाचा अंश त्यांत शिरला आहे. हा चहा कोरा, बहुधा कांचेच्या पेल्यांत, लिंबाच्या फोडीसह घेतात. दूध घातलेल्या चहाला तेथें 'बाव्हार्का' असें वेगळें नांव आहे आणि तो परंपरेनें अंगावर पाजणाऱ्या आईला देत. दणकट सैनिकांना इंग्लंडांत रोज दुधाचा चहा मिळूं लागला, तेव्हां आपल्याला बाळंतिणीचें पथ्य कां, असें त्यांच्या मनांत आलें असल्यास नवल नाहीं. मित्र या शब्दाचेंही तसेंच. इंग्रज दोन वेळां भेटलेल्याला 'फ्रेंड' म्हणतो. पोलिश भाषेंत ओळखीच्याला एक शब्द, बरोबरीच्या सोबत्याला दुसरा आणि जिवाभावाच्या मित्राला तिसरा. हा तिसरा शब्द माणूस फार जपून वापरतो. इंग्रजानें सहज 'माझे मित्र' म्हणावें, पोल माणसानें तें मनावर घ्यावें, आणि पुढें अपेक्षाभंग व्हावा, असें पुष्कळ झालें.

पोल लोक आपल्या रीतींना एवढे घट्ट धरून कां बसले, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर १७९५ सालांत आहे. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वांटण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं पोलंड नकाशावरून पुसून टाकला, आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षें, त्या राष्ट्राला राज्य नव्हतें. उरली ती भाषा, आणि उरला तो घरांतील सण. प्रशियाच्या ताब्यांतील व्झेश्न्या गांवीं १९०१ सालीं धर्मशिक्षण जर्मन भाषेंतून घेण्यास शाळकरी मुलांनीं नकार दिला आणि छड्या खाल्ल्या. जेथें मुलें भाषेसाठीं मार खातात, तेथें प्रत्येक शब्द हा वारसा होतो. इंग्रजाच्या भाषेवर मात्र नॉर्मन स्वारीनंतरच्या कांहीं शतकांपलीकडे असें संकट आलें नाहीं. म्हणून तो तिच्याविषयीं निश्चिंत असतो, आणि दुसऱ्याची तळमळ त्याला अतिरेकी वाटते.

सणांत हा फरक स्पष्ट दिसतो. इंग्रज वाढदिवस साजरा करतो. पोल माणसाला, विशेषतः जुन्या पिढीला, नामदिन मोठा. आपलें नांव ज्या संताचें, त्याच्या दिवशीं घर पाहुण्यांसाठीं उघडें. १९ मार्चला युझेफ, २६ जुलैला आन्ना. बोलावणें लागत नाहीं, कारण तारीख सर्वांनाच ठाऊक. इंग्रजांचा नाताळ २५ डिसेंबरच्या दुपारच्या जेवणांत. पोल लोकांचा आदल्या संध्याकाळीं. आकाशांत पहिली चांदणी दिसली कीं घरचीं माणसें एक पातळ पापुद्र्यासारखी पोळी एकमेकांच्या हातांतून मोडून घेतात आणि शुभ चिंतितात. टेबलावरील कापडाखालीं गवताच्या काड्या असतात, परंपरेप्रमाणें बारा पदार्थ असतात व त्यांत मांस नसतें. आणि एक ताट रिकामें मांडलेलें असतें, अकस्मात् येणाऱ्या पाहुण्यासाठीं.

त्या रिकाम्या ताटाची एक आठवण आपल्या महाराष्ट्राच्या मातींतही आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका व मुलें. १९४० सालीं सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतून त्यांना सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत हद्दपार केलें. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली, आणि इराणमार्गें तीं येथवर आलीं. वळिवड्यास त्यांनीं आपल्या शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारलें, बालवीरांचीं पथकें काढलीं. नाताळची ती संध्याकाळ त्यांनीं येथेंही पाळली. ज्यांचे बाप व भाऊ रणांगणावर किंवा बर्फाखालीं राहिले होते, त्यांच्या घरीं तें रिकामें ताट कोणासाठीं मांडलेलें असेल, हें सांगावयास नको. छावणी मोडल्यावर यांतील पुष्कळजण इंग्लंडला व इतर इंग्रजीभाषी देशांत गेले. म्हणजे इंग्रजाच्या शेजाराला जाण्यापूर्वीं मराठी शेजार त्यांनीं अनुभविला होता. वॉर्सांत कोल्हापूरच्या नांवें कृतज्ञतेचें स्मारक आहे.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक विषय नांवांचा. पोलिश नांव हें एकच रूप नव्हे. आपल्याप्रमाणेंच त्या भाषेंत संबोधनाची विभक्ति आहे. आन्नाला हांक मारतांना 'आन्नो' होतें. लाडाचीं रूपें तर आन्या, आनेच्का, आनुशा अशीं किती तरी. पतीचें आडनांव कोव्हाल्स्की, तर पत्नीचें कोव्हाल्स्का. इंग्रजी दप्तराला हा हिशेब जुळेना. युझेफ कोझेन्योव्ह्स्की हा पोलिश तरुण विशीनंतर इंग्रजी शिकला आणि जोसेफ कॉनरॅड या नांवानें इंग्रजींतील श्रेष्ठ कादंबरीकार झाला. पण बोलतांना त्याचा पोलिश हेल अखेरपर्यंत गेला नाहीं. १९२४ सालीं तो वारला. कँटरबरी येथील त्याच्या थडग्यावर त्याचें मूळ नांव कोरलेलें आहे, आणि त्यांतील अक्षरें चुकलेलीं आहेत. १९५९ सालीं क्राकूव्हहून कॅनडांत गेलेल्या तेरा वर्षांच्या एव्हा व तिची धाकटी बहीण आलिना यांचीं नांवें शाळेंत पहिल्याच दिवसांत ईव्हा व इलेन अशीं झालीं. मोठेपणीं लेखिका झालेल्या एव्हा हॉफमन यांनीं १९८९ च्या आपल्या आत्मचरित्रांत या प्रसंगाचें मोल सांगितलें आहे. शिक्षकांचा हेतु वाईट नव्हता. त्यांना सोय हवी होती. परंतु एकाची सोय ती दुसऱ्याची जन्मभराची हुरहूर ठरूं शकते.

२००४ सालीं पोलंड युरोपीय संघांत आला आणि नवी पिढी कामासाठीं ब्रिटनला लोटली. २०२१ च्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्समधील सुमारें ६,१२,००० लोकांनीं पोलिश ही आपली मुख्य भाषा सांगितली. आज तेथील गल्लोगल्लीं पोलिश दुकानें आहेत, आणि शनिवारीं मुलें पोलिश शाळेंत जातात. तीं दोन्ही सौजन्यें शिकतात. आजीला 'प्रोशे' म्हणतात आणि शेजाऱ्याला 'हरकत नसेल तर' म्हणतात. आणि दोन्ही वेळां खरेंच बोलतात.

श्रोतेहो, परक्याच्या बोलण्यांतील रूक्षपणा किंवा कृत्रिमपणा आपल्याला खटकला, तर एक क्षण थांबावें. त्याच्या भाषेंत आदराची जागा कोठें आहे, हें आधीं शोधावें. ती आपल्या भाषेंतल्या जागीं नसेल; पण कोठें तरी असेलच. आरंभीं सांगितलेल्या त्या घरीं बाईंनीं एकदांच विचारलें असतें, "थँक यू म्हणजे हो, कीं नको?" तर पाहुण्याचा तिसरा पेला वांचला असता, आणि दोघांनाही एकमेकांचा थोडा अधिक परिचय झाला असता.